तिसऱ्या टप्प्यावरून

फॉन्टेनो सर टायपिंग शिकवायचे.
शाळेला मुलींच्या धावण्यासाठी कोच हवा होता
आणि सरांकडे सेकंदकाट्याचं घड्याळ होतं,
एवढीच पात्रता.
आमचं गाव टेक्सासच्या टोकाला, तेलाच्या कारखान्याखाली,
दोरीवरची चादर वाळेपर्यंत पिवळी पडायची.
ट्रॅक कोळशाच्या चुरीचा. पडलं की काळे दाणे आत राहत.
माझ्या डाव्या गुडघ्यात अजून तीन आहेत.

वर्लीन टिब्स नववीत आली ती भावाचे बूट घालून,
पुढे कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा.
सर ट्रॅककडे पाठ करून उभे राहायचे
आणि ऐकायचे.
चाळीस मुली टंकयंत्रावर बसल्या की
कुणाचं कुठलं बोट चुकतंय ते त्यांना न वळता कळे,
तसंच पायांचं.
"टिब्स, तुझं डावं पाऊल अक्षर गाळतंय."
आम्ही हसलो. ती नाही हसली.
त्या संध्याकाळी वळणावर एकटीच
तीच ओळ पुन्हा पुन्हा टाइप करत राहिली,
कारखान्याची ज्योत सोडून दुसरा उजेड उरेना तोवर.

रिलेत तिसरा टप्पा माझा, चौथा तिचा.
मी मागून येताना दिसले की ती सुटायची,
मग मागे वळून बघणं नाही,
फक्त एक हात मागे, तळवा उघडा.
मी ओरडायचे, "घे!"
चौऱ्याहत्तरच्या ऑस्टिनमध्ये ती बॅटन मी तिच्या हातात ठेवली
तेव्हा आम्ही पाचव्या होतो.
पुढचं मी पाहिलंच नाही. गुडघ्यांवर हात ठेवून
खाली मान घालून उभी होते.
आवाजावरून कळलं.

नंतर ती नॅशव्हिलला, कॉलेजात. मी कारखान्याच्या पगारखात्यात.
तिची पोस्टकार्डं यायची, मजकूर कमी, आकडे जास्त.
दोनशे मीटर, तेवीस पूर्णांक एक.
बावीस पूर्णांक नऊ.
दोनदा देशात पहिली आली.
शहात्तरच्या निवडीत मात्र चौथी, एक शतांश सेकंदाने,
आणि जायचं होतं तिघींनीच.
त्या कार्डावर आकडा नव्हता.
"इथे पाऊस आहे," एवढंच.

ऐंशीत निवड झाली. त्या वर्षी
गेलंच नाही कुणी.
वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी ठरवलं होतं
आणि तिच्या घरी खोक्यातून संचलनाचा कोट आला,
सोनेरी बटणांचा, कोऱ्या घडीचा.
तो तिने एकदाच घातला,
फॉन्टेनो सरांच्या दफनाला.
बाया कुजबुजल्या, हे काय ध्यान.
मी तिच्या शेजारी उभी होते, मला तिचा श्वास ऐकू येत होता,
"सेट" आणि बार यांच्या मधला.

मग मांडीचा स्नायू. मग ह्यूस्टनच्या गोदामात सहा वर्षं.
एक लग्न, त्याबद्दल ती बोलत नाही, मीही विचारत नाही.

आता ट्रॅक तांबड्या रबराचा आहे.
घड्याळ आपोआप सुरू होतं, आपोआप थांबतं,
पोरींना फोनवर स्वतःचं पाऊल शंभरदा बघता येतं.
आणि टिब्स मॅडम त्यांच्याकडे पाठ करून उभ्या.
नव्या मुलीच्या आईने तक्रार केली म्हणे,
"ह्या बाई बघतसुद्धा नाहीत."
"शनाया," ती म्हणाली, तोंड तिकडेच, कारखान्याकडे,
"उजव्या बुटाची नाडी बघ."
नाडी सुटलेली होती.

मी गुरुवारी येते, थर्मास घेऊन.
कुंपणाच्या फाटकातून आत, गवतावरून, तिच्या मागून.
हाक मारत नाही. वय झालंय, सावकाशच चालते,
डावा गुडघा जरा ओढत.
अजून दहा पावलं असतील,
तिचा हात मागे येतो.
तळवा उघडा.

कपात कॉफी ओतते.
"घे," मी म्हणते.